गरज गावात, स्पर्धा शहरात : जव्हार-मोखाड्याच्या नव्या परिचारिकांनी कोठे जावे?

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांच्या जन्मदिनी, जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. त्या दिवशी परिचारिकेला देवदूत म्हटले जाते, पुष्पगुच्छ दिले जातात, भाषणे होतात. ह्या देवदूताला वेतन किती मिळते, तिची नेमणूक किती महिन्यांची असते आणि रात्रपाळी संपवून ती कोणत्या खोलीवर परतते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. आपल्या वसई धर्मप्रांताच्या सीमेत येणाऱ्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतून परिचर्येचे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या मुलींच्या संदर्भात हे प्रश्न आज अगत्याने विचारले पाहिजेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ साली जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तरीही ५८ लाखांचा तुटवडा होता. एवढी टंचाई असताना प्रमाणपत्र हाती आलेल्या मुलीला दाराशी नोकरी मिळावयास हवी. प्रत्यक्षात तिला घर सोडून मुंबई, ठाणे किंवा नाशिक गाठावे लागते आणि तेथे मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, 'अनुभव किती?' नोकरीविना अनुभव नाही आणि अनुभवाविना नोकरी नाही, अशा चक्रात ती अडकते. टंचाई आणि बेकारी एकत्र कशा नांदतात, हे समजून घेतल्यावाचून तिला कोणता सल्ला द्यावा, हे आपल्याला कळणार नाही.

गरज म्हणजे जागा नव्हे

आदिवासी व डोंगराळ भागासाठी सरकारी निकष असा आहे : ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. २०११ च्या जनगणनेत मोखाडा तालुक्याची लोकसंख्या ८३ हजारांच्या आणि जव्हारची १ लाख ४० हजारांच्या घरात होती. म्हणजे निकष तंतोतंत पाळला, तरी दोन्ही तालुक्यांत मिळून सुमारे ७५ उपकेंद्रे आणि ११ प्राथमिक आरोग्य केंद्रे होतात. त्यांत जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय मिळवले, तरी परिचारिकांच्या जागा मोजक्याच राहतात. एकदा भरलेली जागा पुढे अनेक वर्षे रिकामी होत नाही, आणि रिकामी झालेली जागा वेळेवर भरली जाईलच असे नाही.

शिवाय निकष माणसे मोजतो, डोंगर मोजत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर अकाली जन्मलेली जुळी बाळे दगावली आणि रस्ता नसल्यामुळे त्यांच्या मातेला झोळीतून रुग्णालयाच्या वाटेवर न्यावे लागले. जून २०२५ मध्ये ह्याच तालुक्यातील एका गर्भवती भगिनीला खोडाळा, मोखाडा आणि अखेर नाशिक असे एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात धाडण्यात आले. बाळ पोटातच दगावले आणि पित्याने त्याचा देह पिशवीत घालून एसटीने गावी आणला. १९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. तेव्हापासून आजवर ह्या भागाला परिचारिकेची गरज नव्हती, असा एकही दिवस गेला नसेल. परंतु गरज ही आपोआप जागा होत नाही. कोणी तरी पद मंजूर करावे लागते, त्यासाठी पैसा द्यावा लागतो आणि ते पद टिकवावे लागते. तेवढे झाले नाही की गाव परिचारिकेविना राहते आणि परिचारिका गावाविना.

कायद्याने उघडलेले दार

पेसा कायदा १९९६ साली आला. त्याच्या पुढच्या वाटचालीत २०१४ साली राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखून ठेवण्यात आली. त्यांत आरोग्यसेविकेचे पद होते. पाड्यातील मुलीने एएनएमचे शिक्षण घ्यावे आणि आपल्याच तालुक्यात सेवा करावी, अशी वाट त्यामुळे मोकळी झाली. वारली, कातकरी किंवा कोकणा मातेशी तिच्याच बोलीत बोलणारी परिचारिका म्हणजे अर्धा उपचार होय. भगताकडे जावे की दवाखान्यात, ह्या निर्णयाच्या क्षणी ओळखीचा आवाज मोलाचा ठरतो.

परंतु २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रांतील शिक्षकांचे शंभर टक्के आरक्षण रद्द ठरविले. महाराष्ट्रातील भरतीही पुढे न्यायालयीन वादात सापडली आणि निवड होऊनही अनेक उमेदवार नियुक्तीची वाट पाहत राहिले. २०२४ मध्ये त्यासाठी आंदोलने झाली, त्यानंतर शासनाने मानधन तत्त्वावर नेमणुकांचा मार्ग काढला. मानधनाने तात्पुरती चूल पेटते, मात्र त्यावर भविष्य उभे राहत नाही. हा प्रश्न केवळ आदिवासी भागाचा नाही. कोविडच्या काळात राज्यभर तात्पुरत्या नेमणुका झाल्या आणि साथ ओसरताच त्या संपल्या. जुलै २०२५ मध्ये शासकीय परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, त्यामागे हीच अस्वस्थता होती.

शहराची वाट आणि तिचे काटे

म्हणून शहर. तेथे खासगी रुग्णालये पुष्कळ आहेत, पण केरळपासून विदर्भापर्यंतच्या मुली त्याच दारांत उभ्या असतात. स्पर्धा वाढली की वेतन घटते आणि अटी वाढतात. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईतील एका खासगी रुग्णालयातील परिचारिकांनी संप केला होता. करारनाम्याची सक्ती आणि अडकवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रे, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने वेतनाविषयी शिफारशी केल्या : दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतके वेतन असावे आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही ते दरमहा २० हजार रुपयांपेक्षा कमी नसावे. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, पण मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येक मुलीला हे आकडे ठाऊक असले पाहिजेत.

आणखी काही गोष्टी तिला निघण्यापूर्वी सांगायला हव्यात. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी पूर्ण झाल्यावाचून गाव सोडू नये. मूळ प्रमाणपत्रे तपासणीसाठी दाखवावीत, ठेवण्यासाठी कोणाच्याही स्वाधीन करू नयेत. नेमणूकपत्र लेखी घ्यावे आणि त्यातील कराराची मुदत व दंडाची रक्कम वाचूनच सही करावी. पहिली नोकरी निवडताना चार पैसे अधिक देणाऱ्या छोट्या दवाखान्यापेक्षा प्रसूती, बालरोग किंवा अतिदक्षता विभागात शिकता येईल असे मोठे रुग्णालय हिताचे, कारण पुढील स्पर्धेत अनुभवच बोलतो. परदेशी नोकरीचे आमिष दाखविणाऱ्या दलालापासून सावध राहावे. आखाती देशांसह १८ देशांत जाणाऱ्या परिचारिकांना २०१५ पासून सरकारी स्थलांतर मंजुरी अनिवार्य केलेली आहे.

आपले उत्तरदायित्व

वसईच्या किनारपट्टीवर मुलीने, सुनेने वा आत्याने परिचारिकेचा गणवेश घातलेली घरे थोडी नाहीत. मुंबईतील रात्रपाळ्या आणि आखातातील एकटेपणा आपण जवळून पाहिला आहे. तेव्हा डोंगरातून उतरणाऱ्या मुलीला 'आपल्या लोकांची सेवा सोडून शहरात का चाललीस?' असे विचारण्याचा मोह आपण टाळावा. पगाराची हमी नाही, निवासाची सोय नाही आणि रात्री सोबतीला दुसरी परिचारिका नाही, अशा उपकेंद्रात एकट्या मुलीने राहावे, हा त्यागाचा उपदेश दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेला क्रूस आहे. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' ह्या विश्वपत्रात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा हक्क ठामपणे मांडला. ख्रिस्तसभेच्या ह्या सामाजिक शिकवणुकीतून सेवाभावाच्या नावाने कोणालाही सूट मिळत नाही. ख्रिस्ती संस्थांच्या रुग्णालयांनीही २०१६ ची ती फूटपट्टी प्रथम स्वतःला लावून पाहावी.

ह्याशिवाय आपल्या हाती बरेच काही आहे. शहरातील धर्मग्रामांनी आणि धर्मभगिनींच्या वसतिगृहांनी नवख्या मुलींसाठी सुरक्षित व परवडणाऱ्या निवासाची यादी ठेवावी. ती मुलगी ख्रिस्ती आहे की नाही, हे विचारू नये, भल्या शोमरोन्यानेही जखमी वाटसरूला त्याचा धर्म विचारला नव्हता. निवृत्त परिचारिकांनी तिला मुलाखतीची, इंग्रजी संभाषणाची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करून द्यावी. आपल्या रुग्णालयांनी दरवर्षी काही जागा अनुभव नसलेल्या आदिवासी परिचारिकांसाठी ठेवाव्यात, म्हणजे ते चक्र कोठे तरी तुटेल. आणि लोकप्रतिनिधी दारी येतील तेव्हा आपण केवळ वसईच्या रस्त्यांचा व पाण्याचा प्रश्न न मांडता, मोखाड्याच्या उपकेंद्रात कायम नेमणुकीच्या दोन परिचारिका आणि राहण्याजोगे निवासस्थान कधी मिळणार, हेही विचारावे.

शहरात चार वर्षे शिकून आलेली कुशल परिचारिका उद्या आपल्या तालुक्यात परतू शकते. मात्र ती परत येईल तेव्हा तिच्यासाठी जागा, पगार आणि रस्ता असला पाहिजे. आजारी असता माझी भेट घेतली काय, असे प्रभू अखेरच्या दिवशी विचारील, असे मत्तयाचे शुभवर्तमान सांगते. जव्हार-मोखाड्याच्या बाबतीत ह्या प्रश्नाचे उत्तर त्या एकट्या मुलीने द्यावयाचे नाही, ते आपण सर्वांनी मिळून द्यावयाचे आहे.