आधी पाया, मग कळस

आमच्या कुही तालुक्यात वैनगंगेच्या काठी आंभोरा आहे. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधू’ येथे सिद्ध झाला की अंबेजोगाईला, हा वाद मराठीचे अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या घालीत आले आहेत. आंभोऱ्याचा अभिमान आम्हांलाही आहे. तथापि ग्रंथ कोठे लिहिला गेला या प्रश्नाइतकाच, तो वाचू शकणारी मुले कोठे घडतात हा प्रश्न आम्हांस साहित्याचा प्रश्न वाटतो. त्याचे सर्वांत नेमके उत्तर ज्या लेखनात सापडते, ते मात्र मराठीच्या वर्गात क्वचितच वाचले जाते. ते लेखन म्हणजे जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला सादर केलेले निवेदन.

‘तृतीय रत्न’, ‘गुलामगिरी’, ‘शेतकऱ्याचा असूड’ यांवर आपण प्रश्नपत्रिका काढतो. निवेदन मुळात इंग्रजीत, शिवाय सरकारदरबारी दिलेले. म्हणून ते इतिहासवाल्यांकडे सोपवून आपण मोकळे होतो. वास्तविक ते एका शाळाचालकाच्या चौतीस वर्षांच्या अनुभवाचे सार आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यातली मुलींची शाळा, पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा, १८५५ साली स्वतःच्या घरी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा, आणि १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्यत्व, असा हा प्रवास आहे.

या प्रवासात अग्रक्रम कधीच डळमळला नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला, तेव्हा ती रक्कम गरिबांच्या शिक्षणावर खर्चावी असे जोतीरावांनी सुचविले, आणि प्रस्तावाविरुद्ध एकट्याने मत दिले. निवेदनातली मांडणी याच वृत्तीची आहे. महसूल रयत भरते, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. वरून झिरपत विद्या खाली पोहोचेल ही आशा अनुभवाला उतरलेली नाही. म्हणून बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्य तेथे शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांना पुरेसा पगार मिळावा. मोडी-बालबोध लेखनवाचन आणि हिशेब यांबरोबर शेतीचेही प्राथमिक ज्ञान शिकवावे.

आणि एक सूचना तर आजही चमकावून जाते. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शिक्षणाचा खर्च उचलावा, परंतु शाळांची व्यवस्था सर्वस्वी त्यांच्या हाती कधीही देऊ नये. ती शिक्षण खात्याच्या देखरेखीखाली असावी! स्वतः नगरपालिकेत बसलेला माणूस हे सांगतो. तिजोरीची किल्ली ज्यांच्या हाती असते त्यांना शाळेची कळकळ असतेच असे नाही, हे त्या एकाकी मताने त्यांना शिकविले असावे, असे आम्हांस वाटते. आयोगाने नेमके उलटे केले. प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे आणि नगरपालिकांकडे सोपवाव्यात, अशी शिफारस केली.

यावर कोणी म्हणेल, मुंबईच्या मंत्रालयाला कुहीची शाळा काय दिसणार? आक्षेप खरा आहे. दूरच्या खात्यावर भरवसा ठेवण्यातही धोका आहेच. किंबहुना खात्याच्या कारभारावरही जोतीरावांनी टीका केलीच आहे. म्हणून सत्ता शहराची की सरकारची, एवढ्यावर हा वाद संपत नाही. वर्गात बसलेल्या पोराचे घर ज्याला ठाऊक आहे, त्याच्या शब्दाला निर्णयात किती वजन, ही खरी कसोटी. २०२३ साली महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचा विचार पुढे आला, तोही याच कसोटीवर घासून पाहावा. पट मोजणे सोपे असते. पण पाऊसपाण्याच्या दिवसांत सात वर्षांच्या मुलीने किती चालायचे, हे तिच्या गावात राहणाराच जाणतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच, की हे निवेदन समग्र वाङ्मयातून काढून ‘असूड’च्या शेजारी ठेवून वाचा. आपण संमेलनांची, पुरस्कारांची, अभिजाततेची चर्चा करतो. तो सारा कळस आहे. आंभोऱ्याच्या वाटेवरल्या एखाद्या खेड्यातले पोर अक्षर लावून वाचू लागते, तेव्हा पाया भरला जातो. मराठी वाङ्मयाचे भवितव्य या क्रमावर अवलंबून आहे, आणि तो क्रम जोतीरावांनी १८८२ सालीच लावून दिला आहे.