अब्बांना ते चालेल का?

मागच्या महिन्यात इशाच्या नमाजनंतर गल्लीतला एक तरुण आमच्या दारात आला. मोबाईलवर मुंबईच्या नव्या कॅन्सर उपचाराची बातमी होती. "सर, अब्बांना हे चालेल का? चालत असेल तर शेत विकतो."

त्याच्या अब्बांना मायलोमा आहे. नशिराबादेत सगळे त्याला ब्लड कॅन्सरच म्हणतात. कंबर दुखते म्हणून आधी कितीतरी महिने नुसती तेलमालीश चालली होती.

बातमी खरी होती. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोअ‍ॅक्ट यांच्या 'नेक्सकार१९' उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढतात, त्यांना 'सीडी१९' ही खूण ओळखायला लावतात आणि परत शरीरात सोडतात. ती खूण दिसेल त्या पेशीला त्या मारतात.

"मग अब्बांच्या पेशींवरही खूण असेलच की!"

इथेच तर अडतं. ही खूण बी पेशींवर असते, कारण त्यांच्यात पॅक्स५ नावाचं प्रथिन काम करत असतं. अशा प्रथिनांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. डीएनएचं पुस्तक सगळ्या पेशींकडे एकच, पण कोणत्या पेशीने कुठला धडा उघडायचा हे तेच ठरवतात. पॅक्स५ सीडी१९चा धडा उघडा ठेवतं. शरीरात जंतू शिरला की काही बी पेशींच्या प्लाझ्मा पेशी होतात. अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणारे कारखानेच ते. त्या वेळी ब्लिंप१ हा दुसरा फॅक्टर पुढे येऊन पॅक्स५ला बंद करतो. त्याच्यासोबत सीडी१९ही कमी होते. आणि मायलोमा हा नेमका प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर! बहुतेक रुग्णांत शोधायची खूणच उरलेली नसते. म्हणून नेक्सकार१९ची मंजुरी बी पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी आहे. मायलोमासाठी बीसीएमए ही वेगळी खूण धरणारे उपचार आहेत. त्यातला टी पेशींचा पहिला उपचार अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झाला.

शेत विक किंवा विकू नको, हे सांगणारे आम्ही कोण? "अब्बांची फाईल घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या पेशींवर कोणती खूण आहे ते विचार," एवढंच म्हणालो.

मग त्याने खिशातून कॅप्सूलची पट्टी काढली. लेनालिडोमाइड. "हे तरी बरोबर आहे ना?"

त्याच्या डॉक्टरांनीच दिलेलं औषध होतं. तेही या फॅक्टरांवरच काम करतं. मायलोमाच्या पेशी आयकारोस आणि आयोलोस या दोघांच्या आधारावर जगतात. हे औषध पेशीलाच ते दोन्ही मोडीत काढायला लावतं. हे २०१४च्या सुमारास उलगडलं. पण हे औषध थॅलिडोमाइडच्या घराण्यातलं आहे. गरोदर बायकांनी ते घेतल्यामुळे हजारो बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मली आणि १९६१ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं.

"अब्बांना कॅप्सूल कोण देतं?" आम्ही विचारलं.

"भाभी. घरात तीच असते दिवसभर." भाभीला चौथा महिना होता.

गरोदर बाईने या कॅप्सूलला हात लावायचा नाही. कॅप्सूल फोडायची नाही, फुटलेली उचलायची नाही. हे ऐकून तो पुढे काही न विचारता तसाच घरी पळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी भेटला तेव्हा म्हणाला, पट्टी आता कपाटावर ठेवलीय, अब्बांना मीच देतो, आणि आज भाभीला डॉक्टरकडे नेतोय.