विश्लेषण : बास्केटबॉल प्रशिक्षकांची संघटना नेमकी कोणासाठी बोलते?

अमेरिकेतील विद्यापीठे जुलै २०२५ पासून आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. महाविद्यालयीन बास्केटबॉलचे अर्थकारण त्यामुळे मुळापासून बदलत आहे. या बदलात प्रशिक्षकांची बाजू मांडण्याची अपेक्षा ‘नॅशनल असोसिएशन ऑफ बास्केटबॉल कोचेस’ म्हणजेच एनएबीसी या संघटनेकडून केली जाते. २०२७ मध्ये ही संघटना शंभर वर्षांची होईल. मात्र तिच्या हाती नेमके काय आहे आणि काय नाही, तिच्या अनुभवातून भारतीय प्रशिक्षकांनी काय घ्यावे, याविषयी.

संघटनेची स्थापना कशामुळे झाली?

निमित्त ठरला एक नियम. १९२७ मध्ये बास्केटबॉलचे नियम ठरवणाऱ्या संयुक्त समितीने ड्रिबल म्हणजे चेंडूला टप्पे देत पुढे जाणे एकाच टप्प्यापुरते मर्यादित करण्याचा निर्णय घेतला. यामुळे खेळाचा वेगच जाईल, असे अनेक प्रशिक्षकांचे म्हणणे होते. कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक फॉग अ‍ॅलन यांनी विरोधासाठी सहकाऱ्यांना एकत्र आणले. त्यातून संघटना उभी राहिली आणि अ‍ॅलन तिचे पहिले अध्यक्ष झाले. समितीला निर्णय मागे घ्यावा लागला. आज आपण जो ड्रिबल पाहतो, तो या विरोधामुळे टिकला. अ‍ॅलन हे खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ यांचे शिष्य. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा नेस्मिथ यांना तेथे पाठवण्यासाठी निधी जमवण्यातही प्रशिक्षकांचा पुढाकार होता.

‘मार्च मॅडनेस’शी संघटनेचा काय संबंध?

दर मार्चमध्ये अमेरिका ज्या महाविद्यालयीन स्पर्धेने भारावून जाते, ती या संघटनेनेच सुरू केली. ओहायो स्टेटचे प्रशिक्षक हॅरोल्ड ओल्सन यांनी कल्पना लावून धरली आणि १९३९ मध्ये आठ संघांची पहिली स्पर्धा झाली. शिकागोजवळील इव्हान्स्टन येथील अंतिम सामन्यात ओरेगॉनने ओल्सन यांच्याच ओहायो स्टेटचा ४६-३३ असा पराभव केला. हिशेब मांडला तेव्हा २,५३१ डॉलरचा तोटा निघाला. हा भार पेलणारा नसल्याने पुढील वर्षी स्पर्धेची सूत्रे विद्यापीठांच्या क्रीडा महामंडळाकडे, म्हणजे एनसीएएकडे गेली. २०१६ मध्ये या स्पर्धेच्या प्रक्षेपण कराराला आठ वर्षांची मुदतवाढ मिळाली. तिचे मूल्य ८.८ अब्ज डॉलर आहे. संघटनेचे वार्षिक अधिवेशन आजही अंतिम फेरीच्या शहरातच भरते, पण स्पर्धेची मालकी तिच्याकडे नाही.

मग ही कामगार संघटना आहे का?

नाही. येथे तीन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. कामगार संघटना मालकाशी पगार आणि सेवाशर्तींचा सौदा करते. बार कौन्सिल किंवा मेडिकल कौन्सिलसारखी नियामक परिषद सनद वा नोंदणी देते आणि गैरवर्तन झाल्यास ती काढूनही घेते. व्यावसायिक संघटना सदस्यांना एकत्र आणते, प्रशिक्षण देते, आचारसंहिता लिहिते आणि धोरणकर्त्यांपुढे म्हणणे मांडते. एनएबीसी या तिसऱ्या प्रकारात मोडते.

वेगवेगळ्या विद्यापीठांच्या प्रशिक्षकांनी एकत्र येऊन पगाराचा दर ठरवायचा म्हटले, तर अमेरिकेतील स्पर्धाविरोधी व्यवहारांचा कायदा आडवा येऊ शकतो. सामूहिक सौद्याला मिळणारी सूट कामगार संघटनेसाठी आहे. शिवाय मुख्य प्रशिक्षक स्वतःच सहायक नेमतो आणि काढतो. तो कामगार की व्यवस्थापक, हा प्रश्न उरतोच.

मुख्य आणि सहायक प्रशिक्षकांत किती अंतर आहे?

डॅन हर्ली यांनी कनेक्टिकटला लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवून दिल्यानंतर २०२४ मध्ये त्यांच्याशी सहा वर्षांसाठी ५ कोटी डॉलरचा करार झाला. दुसऱ्या टोकाचे उदाहरण नव्वदच्या दशकातील आहे. खर्च कमी करण्यासाठी एनसीएएने १९९२-९३ पासून अव्वल विभागातील प्रत्येक बास्केटबॉल संघात एक ‘मर्यादित वेतन’ प्रशिक्षक ठेवण्याचा नियम लागू केला. त्याला वर्षाला १६ हजार डॉलरपेक्षा अधिक देता येत नव्हते. त्यातील १२ हजार शैक्षणिक वर्षासाठी आणि ४ हजार उन्हाळ्यासाठी. मुख्य प्रशिक्षकाच्या कमाईला मात्र अशी मर्यादा नव्हती.

या नियमाविरुद्ध काही तरुण प्रशिक्षक स्वतःच्या नावाने न्यायालयात गेले. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने ही मर्यादा बेकायदा ठरवली. ज्युरीने सुमारे २.२३ कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि कायद्यानुसार ती तिप्पट झाली. अखेर १९९९ मध्ये एनसीएएने ५.४५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. ‘प्रशिक्षक’ या एकाच शब्दाखाली कोट्यधीश आणि वर्षाला १६ हजार मिळवणारा असे दोघेही येतात. दोघांचे हितसंबंध प्रत्येक वेळी एक असतीलच असे नाही.

गैरव्यवहारांबाबत संघटना काय करू शकली?

येथे तिची मर्यादा स्पष्ट दिसते. बेलर विद्यापीठातील प्रकरणानंतर २००३ च्या ऑक्टोबरमध्ये संघटनेने शिकागोत अव्वल विभागातील मुख्य प्रशिक्षकांची आचारविषयक बैठक बोलावली. तरीही सप्टेंबर २०१७ मध्ये खेळाडूंना विशिष्ट संघ किंवा सल्लागारांकडे वळवण्यासाठी लाच दिल्या-घेतल्याच्या प्रकरणात एफबीआयने दहा जणांना अटक केली. त्यात चार नामांकित विद्यापीठांचे सहायक प्रशिक्षक होते. प्रशिक्षक होण्यासाठी एनएबीसीची सनद लागत नाही. त्यामुळे सनद रद्द करण्याचा प्रश्नच येत नाही. शिक्षा झाली ती न्यायालय, विद्यापीठे आणि एनसीएएकडून.

मग तिचा प्रभाव कोठे दिसतो?

खेळाच्या किंवा खेळाडूंच्या हिताचा ठोस मुद्दा हाती असतो तेव्हा. जुलै २०२० मध्ये संघटनेने अशी मागणी केली की, पहिल्या वर्षी खेळण्याच्या पात्रतेसाठी एसएटी किंवा एसीटी या प्रवेश परीक्षांच्या गुणांची अट काढून टाकावी. गरीब आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर या अटीमुळे अन्याय होतो, अशी टीका अनेक वर्षे होत होती. जॉर्जटाऊनचे प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन १९८९ मध्ये अशाच एका पात्रता नियमाच्या निषेधार्थ सामना सुरू होण्यापूर्वी मैदान सोडून गेले होते. जानेवारी २०२३ मध्ये एनसीएएने परीक्षेची अट हटवली. त्या एका निषेधापासून इथवर येण्यास ३४ वर्षे लागली.

सर्वांचे प्रश्न एकाच छत्राखाली सुटत नाहीत, हेही दिसून आले. महिला बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांनी १९८१ मध्ये आणि कृष्णवर्णीय प्रशिक्षकांनी १९८८ मध्ये स्वतंत्र संघटना काढल्या. एनबीएतील प्रशिक्षकांची संघटनाही १९७६ पासून वेगळी आहे.

सध्याचा पेच काय आहे?

२०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि प्रतिमेच्या वापरातून कमाईची मुभा मिळाली. २०२४ पासून शैक्षणिक अटी पूर्ण केल्यास कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येते. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार एक विद्यापीठ २०२५-२६ मध्ये आपल्या सर्व खेळांतील खेळाडूंना मिळून २.०५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम देऊ शकते. संघ दरवर्षी नव्याने बांधावा लागत आहे. २०१९ चे विजेतेपद मिळवून देणारे व्हर्जिनियाचे टोनी बेनेट ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना निवृत्त झाले. या नव्या वातावरणाला आपण योग्य नाही, असे त्यांनी सांगितले.

प्रशिक्षकांची अस्वस्थता समजण्यासारखी आहे. पण ते स्वतः करार मोडून दुसऱ्या विद्यापीठात जात आले आहेत. खेळाडूंनी मात्र एका जागी राहावे, ही मागणी लोकांना पटवणे त्यामुळे कठीण जाते. शिवाय हे नियम आता न्यायालयांत ठरत आहेत. १९२७ मध्ये समितीचे मन वळवणे पुरेसे होते, आता तसे नाही.

भारतातील प्रशिक्षकांसाठी यात काय आहे?

भारतात बास्केटबॉलचा कारभार १९५० मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय महासंघ पाहतो आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका प्रशिक्षकांसाठी महत्त्वाची मानली जाते. प्रत्यक्ष मैदानावर मात्र जिल्हा क्रीडा कार्यालयाचे क्रीडा मार्गदर्शक, शाळेचे क्रीडाशिक्षक, क्लबमध्ये मानधनावर शिकवणारे माजी खेळाडू आणि उन्हाळी शिबिरांपुरते नेमलेले तरुण असे अनेक स्तर आहेत. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांत खेळाडूंची समिती बंधनकारक केली. प्रशिक्षकांसाठी तशी वेगळी समिती बंधनकारक नाही.

उद्या येथे प्रशिक्षकांची संघटना उभी राहिली, तर ती मानधनाचा करार मिळवण्यासाठी असेल, पात्रता व वर्तनावर लक्ष ठेवण्यासाठी की धोरणात मत मांडण्यासाठी, हे आधी ठरवावे लागेल. तिन्ही कामे एकाच संघटनेकडून होतील असे धरून चालले, तर मुख्य प्रशिक्षकांचा आवाज पोहोचतो आणि सहायकाला न्यायालयात जावे लागते, हे अमेरिकेत दिसले आहे. मानधनावरील आणि कनिष्ठ प्रशिक्षकांना घटनेतच राखीव जागा व मतदानाचा हक्क देणे, ही त्यावरची पहिली आणि फारशी खर्चिक नसलेली उपाययोजना ठरेल.