काच खाली घ्या, हॅमिल्टन आलं

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनच्या माझ्या मराठी मित्रमैत्रिणींनो,

गेल्या जुलैत तुमच्यापैकीच एका घरी मुक्काम करून सकाळी त्यांच्याबरोबर नायगाऱ्याला निघाले होते. त्यांचे आई-बाबा भारतातून आलेले. गाडी बर्लिंग्टनच्या स्कायवे पुलावर चढली आणि पुढून आवाज आला, "काचा वर घ्या, हॅमिल्टन आलं. वास मारतो." सगळे हसले. बाबांनी मात्र मान वळवून खालच्या भट्ट्यांकडं बघत विचारलं, "इथं काय बनतं?" कुणी उत्तर दिलं नाही. या गावात बावीस वर्षं राहणारी मीही नाही. ते हसणं मला लागलं, आणि माझं गप्प बसणं त्याहून जास्त लागलं.

बाबा, इथं पोलाद बनतं. स्टेल्को ही पोलाद कंपनी १९१० सालची, डोफॅस्को १९१२ची. १९४६च्या उन्हाळ्यात स्टेल्कोच्या कामगारांनी ८१ दिवस संप केला. इथल्या १८६० सालच्या दगडी कस्टम हाउसमध्ये आज कामगारांच्या जगण्याचं संग्रहालय आहे. गिरणगावच्या चिमण्या पडल्या म्हणून आपण मंडळाच्या कार्यक्रमात गहिवरून बोलतो. मग इथल्या चिमण्यांखाली ज्यांनी घाम गाळला, त्यांच्या गावाची ओळख आपल्या तोंडी फक्त 'वास' एवढीच का?

तुम्ही ज्या महामार्गानं भरधाव जाता, त्याच्या जवळच वुडवर्ड अव्हेन्यूवर एक जुनं पंपघर आहे. १८५४ साली पटकीनं या गावात शेकडो माणसं नेली. त्यानंतर थॉमस कीफर या अभियंत्यानं तळ्याचं पाणी गावाला पुरवायची योजना आखली आणि १८५९मध्ये पंप सुरू झाले. शेजारच्या डंडसला गार्टशोर यांच्या कारखान्यात घडवलेली, प्रत्येकी सुमारे ७० टनांची ती दोन वाफेची इंजिनं अजून जागच्या जागी उभी आहेत. पहिल्यांदा गेले तेव्हा वर बघून बघून मान अवघडली. पन्हळी पाडलेले ओतीव लोखंडाचे खांब, एखाद्या देवळाच्या सभामंडपात असावेत तसे. त्यांच्यावर इंजिनाची अजस्र तुळई. एक इंजिन आजही फिरवून दाखवतात, आता विजेच्या मोटरीवर. तुळईचं एक टोक सावकाश खाली येतं, दुसरं वर उचललं जातं, मोठं चाक वळतं, आणि एवढं धूड हलत असूनही फारसा आवाज होत नाही. तेलाचा मंद वास येतो. हाही हॅमिल्टनचाच वास.

डंडर्न कॅसलबद्दल काय सांगू? ॲलन मॅकनॅब यांचा १८३५चा वाडा, सध्याच्या ब्रिटिश राणी कॅमिला त्यांच्याच वंशातल्या. तुमच्या गाडीतला टिम हॉर्टन्सचा कप तरी नीट बघा. त्यांचं पहिलं दुकान १९६४ साली इथंच, ओटावा स्ट्रीटवर उघडलं.

माझी तक्रार गावावरही आहे. १८९०चं मनोऱ्याचं सुंदर सिटी हॉल १९६१मध्ये पाडलं, का तर शेजारच्या दुकानाला वाढायला जागा हवी होती. ते दुकानही पुढं बंद पडलं. जेम्स स्ट्रीटवरच्या तिव्होली थिएटरची दर्शनी बाजू २००४मध्ये ढासळली. तेव्हा हळहळणारी माणसं फार थोडी होती. पंपघरात मी कधी गेले, तर पुष्कळदा पाच-सहाच माणसं असतात, आणि त्यांत मराठी बोलणारी मी एकटी.

तुम्ही वाईट माणसं नाही. माझ्या अडीअडचणीला धावून आलेली माणसं आहात, म्हणून तर एवढं लागलं. परक्यांचं मनावर घेतलं नसतं.

या उन्हाळ्यात पुन्हा कुणाचे तरी आई-बाबा येतील. स्कायवे उतरलात की वुडवर्डला वळा. नायगारा तासाभरानं बघितला तर काही बिघडत नाही. आधी फोन करा, मी दारात उभी असेन. जेवण माझ्याकडंच. त्या बाबांनाही घेऊन या, त्यांना उत्तर द्यायचं राहिलंय.

तुमचीच,
हॅमिल्टनची एक रहिवासी