पाणंदीचा अर्ज कोण करणार?



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी विभागात एकच गाऱ्हाणे ऐकू येते, "साहेब, तोड झाली, पण गाडी फडापर्यंत येईना." जायकवाडी धरण 1976 साली झाले, डाव्या कालव्याचे पाणी अंबड, घनसावंगी, परतूरकडे आले, त्यामागोमाग ऊस आला. पाणंद मात्र बैलगाडीच्या काळातलीच राहिली. काळ्या मातीत भरली ट्रॉली रुतली म्हणजे काय होते ते आपणांस सांगायला नको. गेल्या हंगामात आमच्या शेजारच्या फडात तुटलेला ऊस चार दिवस वाळत पडला. वजन घटले ते त्या एकट्याचे, पण उतारा घसरतो तेव्हा तोटा सगळ्यांच्याच दराला बसतो.

मग वार्षिक सभेत मागणी होते, "कारखान्याने रस्ता करावा." माझे मत जरा निराळे आहे. कारखान्याने मुरूम टाकला तरी तो पैसा आपलाच, आणि पहिल्या पावसात तो वाहून जातो. सार्वजनिक निधी असताना आपण तो मागायलाच जात नाही, ही खरी गोम आहे.

"पंचायतीकडे एवढा पैसा आला, गेला कुठे?" असे पारावर बोलले जाते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात जो निधी दिला, त्यातला 60 टक्के पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. रस्ते, दिवे, शाळेची दुरुस्ती हे सारे उरलेल्या 40 टक्क्यांत. हे ठाऊक नसले की भांडण नुसते सरपंचाशी होते. पाणंदीसाठी वाट वेगळी. रोजगार हमीच्या जोडीने मातोश्री पाणंद रस्ते योजना शासनाने 2021 साली काढली, ती अशाच कामांसाठी. जिल्हा नियोजन समिती आहे, आमदार निधी आहे. परंतु कोणत्याही दारात गेलात तरी पहिला प्रश्न एकच असतो: ग्रामसभेचा ठराव कुठे आहे? काम गावच्या आराखड्यात आहे काय? त्यामागून अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. यातला एक कागद अडला आणि 31 मार्च उलटला, की पैसा दुसऱ्या गावाला गेलाच म्हणून समजा.

आता कडू बोलतो, राग मानू नये. पाणंद गावनकाशावर असते, जागेवर नसते. ती खाल्ली कोणी? आपणच. दरसाल बांध कोरता कोरता दोन्हीकडचे शेतकरी मधोमध भेटले! आमच्या गावचे एक काम मंजुरीच्या तोंडाशी येऊन एका संमतीपत्रावाचून मागे गेले, आणि सही न देणारा गडी कारखान्याचा जुना सभासद निघाला. त्याचाही ऊस त्याच वाटेने जातो. वाट कोणी अडवली तर मामलेदार कोर्ट कायदा 1906, कलम 5 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेचे कलम 143 आहे, बांधावरून रस्ता मिळतो. पण तारखांपेक्षा चार भाऊबंदांनी बसून मिटवलेले केव्हाही स्वस्त पडते. आपल्याच जिल्ह्यात कडवंचीच्या लोकांनी इंडो-जर्मन पाणलोटाचे काम उभे केले, तेव्हा श्रमदानाला गाव उतरला होता.

कारखान्याने काय करावे? माझ्या मते गटवार कोणत्या पाणंदीवरून किती टन ऊस येतो याचा दाखला सहीशिक्क्यानिशी द्यावा. तो अर्जाला जोडला की साहेब लोकांना काम वाचून दाखवावे लागत नाही. शेतकी कर्मचारी नोंदीसाठी बांधावर जातातच, तेव्हा रस्त्याचीही नोंद घ्यावी.

1 मेच्या ग्रामसभेपर्यंत ऊस संपलेला असतो, जमीन कोरडी असते. त्या दिवशी सहा-सात सभासदांनी गावनकाशाची नक्कल घेऊन जावे आणि ठराव लिहून घेऊनच उठावे. मोजणीचा अर्ज मात्र त्याआधीच टाकलेला बरा, भूमी अभिलेखात रांग मोठी असते.