चौथीतले मूल वाचताना अडखळते तेव्हा

उज्जैनच्या टावर चौकात आणि तिथून फुटणाऱ्या फ्रीगंजच्या रस्त्यांवर शिकवण्यांच्या पाट्यांना तोटा नाही. पटवारी भरती, बँकेच्या परीक्षा, नीट, अकरावी-बारावीचे फिजिक्स, स्पोकन इंग्लिश. प्रत्येकाला कोणी ना कोणी सर आहेत. ‘तुमच्या मुलाला वाचता येत नाही का? आम्ही शिकवू’ अशी पाटी मात्र सहसा दिसत नाही, कारण ती वाचून जिना चढायला कोणी पालक धजावणार नाही. चौथीतल्या मुलाला एक परिच्छेद सलग वाचता येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. बाहेर सांगताना त्याचे ‘गणितात जरा कच्चा आहे’, ‘लक्षच देत नाही’, ‘मोबाइल सुटत नाही’ असे काहीतरी होते. मग शिकवणीही त्या सांगितलेल्या दुखण्याची लागते आणि खरे दुखणे जिथल्या तिथे राहते.

लपवावी इतकी ही गोष्ट विरळा नाही. मुलांचे वाचन आणि गणित घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी सुमारे २७ टक्केच होती, आणि पाचवीतही हे प्रमाण निम्म्याच्या किंचित खालीच होते. पाहणी खेड्यांतली आहे, उज्जैनसारख्या शहराला ती जशीच्या तशी लावता येणार नाही. पण शाळेच्या टायवरून वाचन येते असे गृहीत धरणे धाडसाचे आहे. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले तेव्हा तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे हेच उद्दिष्ट ठेवले आणि त्यासाठी २०२६-२७ पर्यंतची मुदत धरली. सरकारची मुदत पुढे ढकलता येते, घरातल्या मुलाची चौथी थांबत नाही.

उज्जैनमधल्या मराठी घरात या प्रश्नाला आणखी एक गाठ बसलेली असते. शिंद्यांच्या काळात माळव्यात स्थिरावलेल्या कुटुंबांतली आजची मुले आजीशी मराठी बोलतात, चौकात हिंदी, आणि शाळा इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे ‘याला वाचता येत नाही’ या वाक्याचे तीन वेगळे अर्थ होऊ शकतात. हिंदीचे पुस्तक बरे वाचणारे पण इंग्रजीपाशी थबकणारे मूल एक. हिंदीतही मात्रा न लागणारे मूल दुसरे. आणि अक्षरन् अक्षर उच्चारून काहीच न समजणारे तिसरे. तिघांना एकाच इंग्रजीच्या शिकवणीत बसवले, तर पहिल्याला थोडा उपयोग होईल, उरलेल्या दोघांना नुसती हजेरी लागेल.

मग आधी कोणती भाषा? इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्या पालकांना हसण्यात अर्थ नाही. परीक्षा इंग्रजीत आहे, फी इंग्रजीसाठी भरली आहे, आणि वर्गात रोज होणारी नामुष्कीही इंग्रजीतच आहे. सहा महिने थांबा असे त्यांना सांगणे सोपे, त्या मुलाला रोज वर्गात बसवणे अवघड. दुसऱ्या बाजूने पाहिले तर मूल जी भाषा कानाने पूर्ण ओळखते तिथे वाचनाची पहिली पकड लवकर येते. शिवाय देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते इंग्रजी स्पेलिंगपेक्षा कितीतरी सरळ आहे. छापील खुणेतून आवाज आणि आवाजातून अर्थ काढता येतो, हा विश्वास एकदा बसला की तो दुसऱ्या लिपीतही कामाला येतो. म्हणून आमचा कौल देवनागरीच्या बाजूने आहे, एका अटीवर: तोवर इंग्रजीतले धडे घरी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावेत, म्हणजे वाचन मागे असले तरी विज्ञान आणि परिसर अभ्यास मागे पडणार नाहीत.

देवनागरीतही मराठी की हिंदी, हा प्रश्न आजोबांना दुखावणारा आहे. मूल आजीच्या मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देत असेल, तर त्याची वाचनाची भाषा हिंदी आहे आणि सुरुवात तिथूनच व्हावी, मराठी बाण्याला थोडा धक्का बसला तरी. दोन्ही एकदम सुरू केल्या की नुकते सावरणारे मूल विनाकारण गोंधळते. हिंदीच्या वहीत ‘शांति’ बरोबर, मराठीच्या वहीत ‘शांती’ बरोबर, आणि ‘ळ’ तर शाळेच्या हिंदी पुस्तकात भेटतच नाही. पक्के वाचणाऱ्याला यात गंमत वाटते, कच्च्याला वाटते की आपलेच चुकले. मराठी त्याच्या मागून येऊ शकते, आणि लिपी तीच असल्याने लवकर येते.

शिकवणी ठरवण्याआधी नेमके घोडे कुठे पेंड खाते ते पाहावे. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. ‘असर’चे स्वयंसेवक घरोघरी जी साधी चाचणी घेतात तिला चार पायऱ्या आहेत: अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका कागदावर मावणारी ही चाचणी कोणत्याही आईबापाला दहा मिनिटांत घेता येते. पथ्य एकच, मजकूर मुलाने आधी पाहिलेला नसावा. शाळेच्या पुस्तकातला धडा कित्येक मुले ‘वाचतात’ ते पाठांतरावर. पान उलटे धरले तरी धडा थांबत नाही. चित्र झाकून नवा मजकूर दिला की खरे कळते. अडचण बहुतेक वेळा पहिल्या ‘अ’पाशी नसते. ती मात्रांत असते, पहिल्या वेलांटीत असते (जी लिहायची अक्षराआधी आणि उच्चारायची नंतर), आणि सर्वांत जास्त जोडाक्षरांत व रफारात असते. टावर चौकातल्याच पाट्या घ्या. ‘मोबाइल’ वाचणारे मूल ‘ज्वेलर्स’पाशी अडते, कारण ‘र’ पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसला आहे. ‘क्लिनिक’मध्ये पहिली वेलांटी जोडाक्षराला लागली आहे. संध्याकाळी चाट खायला गेल्यावर अशा चार पाट्या वाचून घेतल्या तर शिकवणीवाल्या बाईंना सांगण्याजोगे खूप काही हाती लागते. तेही हसतखेळत झाले तरच. तिथे परीक्षा सुरू केली तर चाटही कडू होईल.

आता माणूस कोण शोधायचा? सर्वांत हाताशी असते ती गल्लीतली गट-शिकवणी. पंधरा-वीस मुले, सगळ्या इयत्ता, शाळेचा गृहपाठ पुरा करून घ्यायचा. नोकरी करणाऱ्या आईबापांना याची गरज असते आणि ती खोटी नाही. दोन तास मूल सुरक्षित बसते, वही पूर्ण होते. वाचनाचा उपाय म्हणून मात्र ती कुचकामी आहे, कारण तिथे वाचन टाळूनच गृहपाठ पुरा होतो: उत्तरे फळ्यावरून उतरवली जातात.

वर्गशिक्षकांनाच घरी शिकवायला विनवावे, असे अनेकांना वाटते. त्यांना मूल माहीत असते, हे खरे. पण २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २८ शिक्षकांना खासगी शिकवणी करायला मनाई करते, आणि ते योग्यच आहे. दिवसा न शिकवलेले संध्याकाळी विकण्याचा मोह कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

राहतात ते शेजारची बारावी झालेली मुलगी, निवृत्त गुरुजी, आणि विशेष शिक्षक. मुलीला पदवी नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी मुंबईचा एक प्रयोग माहीत करून घ्यावा. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने महापालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या होत्या: वस्तीतल्याच, शालेय शिक्षण झालेल्या तरुणी, सुरुवातीला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि अगदी तुटपुंजे मानधन. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर नेऊन त्या रोज दोन तास पायाभूत वाचन आणि गणित घेत. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात याचा काटेकोर अभ्यास झाला. तो करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९चे नोबेल मिळाले. मुलांची प्रगती ठळक होती आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. यातून शिकवणाऱ्याच्या पदवीपेक्षा मूल जिथे आहे तिथून सुरुवात करणे जास्त मोलाचे ठरले. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिक होईल: बालसखीची साथ संपल्यावर वर्षभरात तो फायदा बराचसा ओसरला. शिकवणी सुटली आणि घरात पुस्तक नसले की मूल परत घसरते.

निवृत्त गुरुजींबद्दल आदर ठेवूनही सांगावे लागते की वेळ आणि चांगुलपणा यांनी वाचन आपोआप शिकवले जात नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय म्हणजे वर्णमाला क्रमाने, मग बाराखडी घोकून, मग शब्द. बहुसंख्य मुले त्यातूनही शिकली, हे मान्य. जी शिकली नाहीत त्यांना तोच काढा दुप्पट पाजून काय मिळणार? ‘ङ’ आणि ‘ञ’ पाठ करण्यात गेलेला आठवडा अडलेल्या मुलाचा उत्साह मारतो. थोडी अक्षरे आणि एखाददुसरी मात्रा घेऊन लगेच खरे शब्द, छोटी वाक्ये आणि गोष्ट वाचू दिली तर मुलाला पहिल्याच आठवड्यात आपण वाचले असे वाटते. मराठी वाचन कसे शिकवावे यावर फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने (स्थापना १९७८) आणि पालघर जिल्ह्यात नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ने (२००७) वर्षानुवर्षे काम केले आहे. त्याची ओळख करून घ्यायला तयार असलेले गुरुजी मिळाले तर बारावीच्या मुलीपेक्षा ते सरस, तयार नसलेले मिळाले तर ती मुलगी सरस.

आईने स्वतः शिकवावे का? स्वभाव शांत असेल तर जरूर. पण बऱ्याच घरांत पाचव्या मिनिटाला आवाज चढतो आणि दहाव्या मिनिटाला दोघेही रडकुंडीला येतात. अशा आईने रोज गोष्ट वाचून दाखवावी आणि चुका दुरुस्त करण्याचे काम बाहेरच्याला द्यावे. पैसे नसणाऱ्या घरासाठीही वाचून दाखवणे फुकट आहे. ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून मराठी-हिंदी गोष्टी मोफत आहेत.

विशेष शिक्षकाकडे केव्हा जायचे, यावर दोन टोके दिसतात. एक टोक ‘आमच्या घराण्यात असले काही नाही’ म्हणत वर्षे घालवते. दुसरे ‘तारे जमीन पर’ पाहून पहिलीतल्या मुलावर डिस्लेक्सियाचा शिक्का मारते. दुसरे टोक कमी घातक, पण निर्दोष नाही. न शिकवल्यामुळे न वाचणे आणि शिकवूनही न वाचणे यांतला फरक त्यात पुसला जातो. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. मग तीनेक महिने नियमित, एकट्याला दिलेली शिकवणी व्हावी. तरीही ‘ब’ आणि ‘व’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत तोच घोळ चालू असेल, काल ओळखलेला शब्द आज अनोळखी वाटत असेल, घरात आणखी कोणाला ही अडचण होऊन गेली असेल, तर मूल्यमापन करून घ्यायलाच हवे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे, त्यामुळे प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागता येतात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी २०१५ पासून हिंदी आणि मराठीतही उपलब्ध आहे. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या उज्जैनच्या मुलासाठी केवळ इंग्रजीत घेतलेले मूल्यमापन स्वीकारण्याचे कारण नाही. विशेष शिक्षक म्हणवणाऱ्यांना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. विचारणे उद्धटपणाचे नाही, खरे शिक्षक तो आपणहून दाखवतात.

कोणालाही ठरवण्याआधी चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात. पहिल्या दिवशी तुम्ही मुलाला काय वाचायला द्याल? उत्तर ‘शाळेचे पुस्तक’ असेल तर थोडे थांबावे. आठवड्यातून किती दिवस? रविवारचे दोन तास निरुपयोगी, चार दिवस अर्धा-अर्धा तास उत्तम. बरोबर किती मुले? दोन-तीनपेक्षा जास्त नकोत. आणि महिन्याने काय बदलले ते आम्हाला कशावरून कळेल? जो माणूस तारखेसह साधी नोंद ठेवतो, मागच्या सोमवारी रफार येत नव्हता आणि आज ‘सूर्य’ वाचला असे सांगतो, त्याला फी थोडी जास्त पडली तरी धरून ठेवावे. ‘महिन्यात फाडफाड वाचायला लावतो’ म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार. हे सांदीपनींचे गाव आहे, इथे कृष्ण चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकला म्हणतात. सांदीपनींना विद्यार्थीही तसा मिळाला होता, एवढे पालकांनी ध्यानात ठेवावे.

एकट्या घराने हे सगळे शोधत फिरावे, हा काही चांगला मार्ग नव्हे. सुस्थितीतले घर पैसे देऊन निभावेल, बाकीच्यांची मुले गट-शिकवणीत फळ्यावरून उतरवत बसतील. शहरातल्या मराठी मंडळांकडे जागा आहे, निवृत्त शिक्षक आहेत, कॉलेजात जाणाऱ्या मुली आहेत. गणेशोत्सवात पाठांतर स्पर्धा घेणाऱ्या या मंडळांनी आठवड्यातून चार संध्याकाळी एक खोली वाचनासाठी उघडावी, शिकवणाऱ्यांना आधी दोन आठवडे प्रशिक्षण द्यावे, आणि येणारे मूल मराठी घरातले आहे की शेजारच्या माळवी घरातले हे विचारू नये. जुलैत शाळा रुळावर येतात. त्याआधी त्या खोलीची चावी कोणाकडे राहील एवढे ठरले तरी पुरे.