व्हेंटिलेटर भेट देण्याआधी

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातल्या समितीची बैठक झाली. जमलेल्या वर्गणीतून सरकारी रुग्णालयाच्या नवजात विभागाला व्हेंटिलेटर भेट द्यायचा, असा प्रस्ताव होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझा विरोध आहे." एक बुजुर्ग म्हणाले, "आपा, तुम्ही स्वतः नर्स. बाळांचे हाल रोज बघता आणि तुम्हीच मशीनला नको म्हणता?" दोन मिनिटांत उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

नवजात विभागात काम करताना मला चौदा वर्षं झाली. दिवस भरण्याच्या फार आधी जन्मलेल्या बाळाच्या फुफ्फुसात सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध थर पुरेसा तयार झालेला नसतो. तो नसला की प्रत्येक श्वास सोडताना फुफ्फुसातले बारीक फुगे मिटून चिकटतात आणि पुढच्या श्वासाला बाळाला ते नव्याने उघडावे लागतात. बाळ कण्हतं, बरगड्या आत ओढल्या जातात आणि काही तासांत ते थकून जातं. १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. सत्ता आणि पैसा असूनही तेव्हा उपाय नव्हता.

मग व्हेंटिलेटर आले आणि बाळं वाचू लागली. पण १९६७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की, वाचलेल्या अनेक बाळांच्या फुफ्फुसांवर कायमचे व्रण राहत होते. एक किलोच्या बाळाला एका श्वासात साधारण ४ ते ६ मिलीलिटर हवा लागते, म्हणजे चहाचा एक चमचा. त्याहून जास्त हवा जोराने आत गेली, तर कोवळं फुफ्फुस ताणून फाटतं. जादा ऑक्सिजनने फुफ्फुसाला सूज येते आणि डोळ्यांचा पडदाही बिघडू शकतो.

हे मी फक्त पुस्तकात वाचलेलं नाही. माझ्या भाचीला तिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्याने तिला दोन तास ठेवून मोठ्या रुग्णालयात पाठवलं. बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला द्यायचं स्टेरॉइडचं इंजेक्शन मात्र कुणी दिलं नाही. ते अगदी स्वस्त आहे. पुढे पाठवण्याआधी त्याचा पहिला डोस एएनएम सिस्टरसुद्धा देऊ शकते, अशी केंद्र सरकारची २०१४ पासूनची मार्गदर्शक सूचना आहे. दुसऱ्या रुग्णालयात बाळ जन्मताच नळी घालून मशीनवर ठेवलं गेलं. तीन आठवडे ते मशीनवर होतं. बाळ वाचलं, पण पुढचे पाच महिने घरात ऑक्सिजनचं सिलिंडर होतं. आता मुलगा चार वर्षांचा आहे. दर हिवाळ्यात त्याला दम लागतो आणि दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होतात. नळी घातली नसती तर हे टळलंच असतं, असं मी म्हणणार नाही. पण टाळायचा प्रयत्नच झाला नाही, याचं दुःख आहे. भाचीची सासू मात्र आजही अभिमानाने सांगते, "आम्ही मशीन लावलं, काही कमी केलं नाही."

मशीन लागलं म्हणजे सगळं केलं, ही समजूतच मला बदलायची आहे.

नळीआधी करता येण्यासारखा एक उपाय आहे, सीपॅप. नाकात दोन मऊ नळ्या बसवून हलक्या दाबाने हवा सतत सोडायची. श्वास बाळ स्वतःच घेतं. दाब फक्त फुगे मिटू देत नाही. बबल सीपॅपमध्ये नळीचं दुसरं टोक पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवलं की तेवढाच दाब मिळतो आणि बुडबुडे येत राहतात. १९७१ मध्ये ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी २० बाळांना असा सततचा दाब दिला, त्यातली १६ जगली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६१० बाळांच्या अभ्यासात दुसरी बाजूही दिसली. २५ ते २८ आठवड्यांच्या या बाळांपैकी सीपॅपवर सुरुवात केलेल्या जवळपास निम्म्यांना पाच दिवसांत नळी घालावीच लागली आणि फुफ्फुसाबाहेर हवा साचण्याचा त्रासही त्या गटात जास्त होता. तरीही उरलेल्या निम्म्यांची नळी टळली.

म्हणजे व्हेंटिलेटर लागतोच, पण ज्याला लागेल त्यालाच. तेव्हाही प्रत्येक श्वासाची हवा मोजून द्यायची आणि आज नळी काढता येईल का, हे रोज विचारायचं. असं मशीन चालवायला प्रशिक्षित डॉक्टर आणि रात्रपाळीला पुरेशा नर्स हव्यात. त्या नसतील, तर भेट दिलेलं मशीन एक तर कोपऱ्यात धूळ खातं किंवा इजा करतं.

म्हणून समितीला माझं सांगणं आहे. आधी त्या विभागाच्या इन्चार्ज सिस्टरला भेटा आणि काय कमी पडतं ते विचारा. बाळाच्या नाकाच्या मापाच्या नळ्या, हवा आणि ऑक्सिजनचं प्रमाण ठरवणारा ब्लेंडर, हवा दमट करणारं यंत्र, बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजणारे प्रोब, असंच काहीतरी निघेल. यांवर देणगीदाराच्या नावाची पाटी शोभणार नाही, पण रोज उपयोग होईल.

दुसरं, वर्गणीने सरकारची जबाबदारी संपत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार हा हक्क आहे. नर्सच्या रिकाम्या जागा किती, एका पाळीला किती बाळांमागे एक सिस्टर असते, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आपल्या चळवळीने शाळा आणि रेशनसाठी निवेदनं दिली, तसं एक निवेदन यासाठीही द्यावं.

तिसरं काम घरातलं आहे. सुनेला, लेकीला वेळेआधी कळा आल्या तर डॉक्टरांना विचारा, "बाळाच्या फुफ्फुसांसाठीचं इंजेक्शन दिलं का?" आणि बाळ झाल्यावर विचारा, "आधी सीपॅप देऊन बघता येईल का?" विचारलं म्हणून डॉक्टरांचा अपमान होत नाही. कधी उत्तर "नाही" असेल आणि ते बरोबरही असेल.

पुढची बैठक येत्या महिन्यात आहे. त्या बुजुर्गांना मी आमच्या विभागात घेऊन जाणार आहे. काचेबाहेरून का होईना, पाण्यातले बुडबुडे त्यांनी पाहावेत. मग समितीने काय ते ठरवावं.